सणाच्या मिस्सेतला दुसरा आवाज

जुलैनंतरही मी मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, जायचं सोडलं नाही. वेळेवर घरातून निघायचे, गुडघे टेकायचे, सगळ्यांबरोबर ओठ हलवायचे. लोकांना वाटायचं, एवढं होऊनही ही बाई देवाला धरून आहे. खरं तर माझं देवाशी बोलणं बंद झालं होतं. घरात बसवत नव्हतं म्हणून मी चर्चमध्ये जाऊन बसत होते, एवढंच. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, फादरांनाही नाही. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, पण ही गोष्ट सरळ मराठीत लिहिते आहे, कारण बोलीत लिहायला घेतलं की मला माझ्या मुलीचाच आवाज ऐकू येतो आणि हात थांबतो.

अल्विना आमची एकुलती एक मुलगी. जूचंद्रच्या बाजूला एका शाळेत शिकवायची, रोज स्कूटरने जायची-यायची. त्या दिवशी पाऊस फार झाला म्हणून शाळा लवकर सुटली. हायवेवर पाणी साचलं होतं, पाण्याखालचा खड्डा तिला दिसला नाही. ती पडली आणि मागून टेम्पो आला. कोणीतरी तिच्याच फोनवरून मला फोन करून इस्पितळाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "लवकर या." माझे पती इनास वाडीतली फुलं घेऊन दादरला गेले होते. मी एकटीच छत्री घेऊन निघाले. नालासोपाऱ्याच्या पुढे रस्ता दिसतच नव्हता, नुसतं पाणी आणि त्यात अडकलेल्या गाड्या. रिक्षा बंद पडली. मी उतरून गुडघाभर पाण्यातून चालले, मग दुसरी रिक्षा मिळाली, तीही रांगेत उभी राहिली. त्या रिक्षात बसून मी देवाजवळ एकच गोष्ट मागितली. तिला वाचव, असं मागायचाही मला धीर झाला नाही. मला फक्त तिच्यापाशी पोचू दे, एवढंच मी म्हणत राहिले.

मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोड्याच वेळापूर्वी. तो शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. थोड्याच वेळापूर्वी माझी मुलगी अनोळखी लोकांत, एकटी, मला शोधत गेली असणार. मयताला सगळं गाव आलं, फादरांनी चांगलं प्रवचन केलं, बायका महिनाभर घरी येऊन जपमाळ म्हणत राहिल्या. मी त्यांच्यात बसायचे आणि मनात हिशेब मांडायचे की पहिली रिक्षा बंद पडली नसती तर, मी आधीच चालायला लागले असते तर. इनास यांनी चर्चमध्ये जाणंच थांबवलं. ते पहाटे वाडीत जायचे, सोनचाफा काढायचे, दुपारी बावखलाच्या, वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठावर पाण्याकडे पाहत बसायचे. आम्ही दोघं एकमेकांशी भाजी आणि पावसापलीकडे काही बोलत नव्हतो.

आमच्या चर्चच्या गायनमंडळात मी तरुणपणापासून दुसरा आवाज गाते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाण्याची चाल असते तो पहिला आवाज. सगळ्यांना तोच लक्षात राहतो, लोक घरी जाताना तोच गुणगुणतात. दुसरा आवाज त्याच्या खालून चालतो. एकटा गायला तर ते गाणं वाटतच नाही, दोन-तीन सुरांवर रेंगाळत राहिल्यासारखं वाटतं. अल्विना आठवीत असताना पहिल्या आवाजात आली आणि तेव्हापासून माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. घरी मी तांदूळ निवडताना दुसरा आवाज गुणगुणायला लागले की आतल्या खोलीतून ती पहिला धरायची. ती गेल्यावर एकदा भांडी घासताना माझ्या तोंडून सवयीने दुसरा आवाज निघाला. वरचा आवाज धरायला कोणीच नव्हतं. त्यानंतर मी घरात गायले नाही.

सप्टेंबरच्या आठ तारखेला आमच्या चर्चचा सण असतो, पवित्र मरियेच्या जन्माचा. म्हाताऱ्या अन्नेच्या पोटी लेक जन्मली, त्याचा आनंद. शेतातली नवीन भाताची कणसं त्या दिवशी वेदीवर जातात, लहान मुली फुलांच्या परड्या घेऊन येतात. सणाच्या मिस्सेची गाणी गेली कित्येक वर्षं मी आणि अल्विना मिळून निवडत होतो. तिला नवीन गाणी हवी असायची, मला जुनी, आणि आमचं भांडण मिटवायला पेद्रूमामा यायचे. पेद्रूमामा म्हणजे आमचे कीबोर्डवाले, सत्तरीच्या पुढचे. वर्षानुवर्षं तेच मंडळ सांभाळतात.

ऑगस्टमध्ये ते फादरांना घेऊन घरी आले. चहा झाला. मग पेद्रूमामा म्हणाले, "बाय, सणाची गाणी काढायला हवीत."

"यंदा दुसऱ्या कोणाला सांगा," मी म्हणाले.

फादर तरुण आहेत, नवीनच आलेले. ते म्हणाले, "तुम्ही निवडाल ती गाऊ. कोणतीही."

ते 'कोणतीही' म्हणाले म्हणून मी हो म्हटलं, आणि मनात राग धरूनच गाणी निवडली. प्रवेशाला, स्तोत्राला, कम्युनियनला, शेवटाला, सगळीकडे संथ, खालच्या पट्टीतली गाणी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात शोभतील अशी. मरियेची जी गीतं निवडली ती क्रुसापाशी उभ्या असलेल्या आईची. सणासाठी त्यातलं एकही नव्हतं. पेद्रूमामांनी गाण्यांची नावं ऐकली, चष्मा पुसला आणि सराव सुरू केला. मंडळातल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, पण माझ्यासमोर कोणी बोललं नाही. माझ्यासमोर त्या वेळी कोणीच काही बोलत नसे.

दुसऱ्या की तिसऱ्या सरावाला एक अनोळखी मुलगी आली. सावळी, उंच, तिशीच्या आतबाहेरची. नाव लिसी. केरळची, नर्सचं काम करते, अलीकडेच आमच्या बाजूला नवीन इमारतीत भाड्याने राहायला आली आहे, असं तिने सांगितलं. तिचं मराठी रोग्यांकडून शिकलेलं होतं. 'कुठे दुखतंय', 'हळू हळू', 'घाबरू नका' अशी वाक्यं स्वच्छ यायची आणि बाकीच्या बोलण्यात हिंदी मिसळायची. पण ळ आणि ण मात्र ती आमच्यापेक्षा चांगले म्हणायची. आमच्या गावात अर्धे लोक पाण्याला पानी म्हणतात. पेद्रूमामांनी तिचा आवाज ऐकला आणि तिला पहिल्या आवाजात घेतलं. ती येऊन नेमकी माझ्या डाव्या हाताला उभी राहिली. तिला काय ठाऊक, जागा रिकामी होती म्हणून ती उभी राहिली. मी तिच्याकडे न पाहता म्हणाले, "इथे नको. पलीकडे उभी राहा."

ती लगेच पलीकडे गेली. पण त्यानंतर प्रत्येक सरावात माझ्या लक्षात यायचं की ती माझ्याकडे पाहते. मी वर पाहिलं की नजर खाली. एकदा सराव संपल्यावर ती माझ्यामागून फाटकापर्यंत आली, "आंटी" म्हणाली आणि थांबली. मी विचारलं, "काय गं?" तिने मान हलवली. "काही नाही. जपून जा." मला वाटलं, हिलाही कोणीतरी माझी कहाणी सांगितलेली दिसते. सगळ्यांसारखी हीसुद्धा कीव करते आहे. मला त्या मुलीचा राग यायला लागला.

सणाच्या आधीच्या आठवड्यात फादर सरावाला येऊन बसले. सगळी गाणी ऐकून घेतली. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी कोणतीही म्हणालो होतो, तो शब्द मी पाळतो. फक्त एक विनंती आहे. अर्पणाला अन्नामातेचं गीत राहू दे. कणसं घेऊन येणाऱ्या लहान मुलींसाठी."

हे गीत आमच्या चर्चमध्ये दर सणाला होतं. कोणी रचलं ते कोणाला ठाऊक नाही. पाळण्यासारखी चाल आहे. म्हातारी अन्ना लेकीला मांडीवर घेऊन देवाला म्हणते की ही तू दिलीस, ही तुझीच. मधल्या कडव्यात वरची चाल एकटीनेच गायची असते, ती अल्विना गायची. मी फादरांना म्हणाले, "ठेवा. मी गाणार नाही. दुसऱ्या बायकांना खालचा आवाज शिकवीन, पण सणाला माझं तोंड उघडणार नाही."

"बरं," ते म्हणाले.

शिकवताना मी बसूनच खालची ओळ दाखवली, एक एक तुकडा, भाव न घालता, जसं कोणी अनोळखी माणसाला पत्ता सांगतं तसं. मधलं कडवं कोणी एकटीने गायला तयार होईना, तेव्हा ते सगळ्या पहिल्या आवाजाने मिळून म्हणायचं ठरलं. लिसी पलीकडून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला वाटलं, शब्द नीट यावेत म्हणून पाहते आहे.

सणाच्या दिवशी सकाळी आभाळ भरलेलं होतं. मी साडी नेसून बाहेर आले. ओसरीवर इनास यांनी वेदीसाठी चाफ्याच्या फुलांची मोठी करंडी भरून ठेवली होती, पण स्वतः वाडीतले कपडे घालून बसले होते.

"येत नाही?" मी विचारलं.

"फुलं ने," ते म्हणाले. "मी काय करू येऊन?"

मी करंडी घेऊन एकटी गेले. चर्च भरलं होतं. बाहेरच्या मंडपातही माणसं होती, मुंबईहून खास सणाला आलेले नातेवाईक, नवीन कपड्यांतली पोरं. त्या सगळ्या रंगांवर मी निवडलेली गाणी एकामागून एक पडत गेली. प्रवेशाचं गाणं सुरू झालं तसं लोकांनी वळून आमच्याकडे पाहिलं. मंडळ नीट गात होतं, चूक कोणाची नव्हती, पण सणाचं चर्च मयताच्या चर्चसारखं शांत होत गेलं. मला त्यातून समाधान मिळेल असं वाटलं होतं. मिळालं नाही. पुढच्या बाकावर एक आजी नव्या पातळात बसल्या होत्या. त्यांनी गाणं म्हणायला तोंड उघडलं आणि ओळखीचं नाही म्हणून मिटलं. एवढंच मला दिसत राहिलं.

अर्पणाची वेळ आली. मागून लहान मुली कणसं आणि परड्या घेऊन निघाल्या. पेद्रूमामांनी पाळण्याची चाल सुरू केली आणि अख्खं चर्च एकदम गायला लागलं, जणू एवढा वेळ सगळे त्याचीच वाट पाहत होते. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या आवाजातल्या बायका माझ्या आधाराने गाणाऱ्या, माझा आवाज नाही म्हटल्यावर त्या चाचपडल्या आणि एक एक करून वरच्या चालीत गेल्या. खालचा आवाज पुसला गेला. मधलं कडवं आलं. अल्विनाचं.

तेव्हा माझ्या डावीकडून कोणीतरी दुसरा आवाज गायला लागलं. मी पाहिलं तर लिसी. ती पलीकडची रांग सोडून माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती आणि मी शिकवलेली खालची ओळ जशीच्या तशी गात होती. मी जिथे श्वास घेतला होता तिथेच श्वास, मी जिथे थांबले होते तिथेच थांबणं. आयुष्यभर मी गायलेला आवाज मला पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला. तो एकटा वाटला नाही. तो खालून हात धरून उभा असल्यासारखा वाटला.

माझी जागा तिने घेतली होती. माझ्यासाठी वरचीच चाल उरली होती. मी ठरवलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मुलीची चाल गायले. माझा गळा त्या उंचीचा नाही. कडव्याच्या टोकाला एक वरचा सूर आहे, तो अल्विनाला सहज यायचा, मला आला नाही. तिथे नुसता श्वास गेला. पुढची ओळ मी पुन्हा धरली. ही तू दिलीस, ही तुझीच. तेव्हा मला देवाचा चेहरा दिसला नाही, मन हलकंही झालं नाही. मी रडत होते आणि गात होते, आणि लिसीचा हात माझ्या कोपराखाली होता.

मिस्सा संपल्यावर बाहेर फोटो सुरू झाले, वडे आणि शरबत वाटत होते. मी चर्चच्या शाळेच्या व्हरांड्यात एका बाकावर जाऊन बसले. लिसी आली आणि समोर उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आंटी, मला बोलायचं आहे. आधीपासून बोलायचं आहे."

"बस ना."

ती बसली नाही. "तुम्ही त्या दिवशी आल्या ना, छत्री उघडी होती. वॉर्डमध्ये आत आल्या तरी उघडी. पाणी गळत होतं. मी तुमच्या हातातून घेतली आणि बंद केली."

मला ते आठवत नव्हतं. मी छत्री उघडी घेऊन आत गेले होते, हे आजपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. पण छत्री नंतर घरी मिटलेली होती, इतकं खरं.

"तू तिथे होतीस," मी म्हणाले.

"माझीच ड्युटी होती. तुमच्या मुलीजवळ मीच होते." मग तिने सांगितलं, तुटक तुटक, जिथे मराठी अडलं तिथे हिंदीत. अल्विनाला आणलं तेव्हा ती शुद्धीवर होती. फार दुखत नव्हतं, औषध दिलं होतं. गळ्यातला क्रूस पाहून लिसीला कळलं की मुलगी आपल्याच धर्माची आहे. तिने हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. अल्विना मध्ये मध्ये विचारत होती, आई आली का.

"मी काय बोलू?" लिसी म्हणाली. "मी म्हटलं, आली. जिन्यात आहे. वर येते. मग ती शांत झाली. परत नाही विचारलं. मी नमो मरिया प्रार्थना म्हणत होते, आमच्या मल्याळममध्ये. तिचे ओठ हलत होते. तिला समजलं." आता ती रडायला लागली. "पण आंटी, तुम्ही जिन्यात नव्हत्या. मरणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं. इथे चर्चमध्ये तुम्हाला पाहिलं, ओळखलं, आणि मला झोप लागेना. म्हणून गायला आले. वाटलं, जवळ उभी राहिले तर बोलता येईल."

व्हरांड्याबाहेर पोरं फुगे फोडत होती. मग मी तिला ओढून शेजारी बसवलं.

"मी वाटेत होते," मी म्हणाले. "पाण्यातून येत होते. जिना थोडा लांब होता, एवढंच. तू खोटं नाही बोललीस, बाय."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या मुलीला मी रांगेतून पलीकडे घालवलं होतं.

घरी आले तेव्हा इनास बावखलापाशी बसले होते. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, सणाच्या साडीतच, आणि सगळं सांगितलं. ते पाण्याकडे पाहत ऐकत होते. मग म्हणाले, "हात सोडला नाही तिने?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं. दफनाच्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा एकमेकांना धरून बसलो. पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर मिस्सेला आले. मागच्या बाकावर बसले, गायले नाहीत, पण आले. लिसी आता सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला येते. इनास तिच्यासाठी चाफ्याची दोन फुलं बाजूला ठेवतात.

दुःख कमी झालं, असं मी लिहिणार नाही. ते तसंच आहे. सकाळी जाग आली की सगळ्यात आधी तेच उठतं. देवाने असं का केलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मिळेल असं आता वाटतही नाही. मी रिक्षात एकच मागणं केलं होतं आणि ते फेटाळलं गेलं, असं मी धरून बसले होते. मला तिच्यापाशी जायला मिळालं नाही, हे खरंच. पण मी गुडघाभर पाण्यात चालत होते तेव्हा माझ्या नावाने दुसरं कोणीतरी तिचा हात धरून बसलं होतं, आणि 'आई आली' हे ऐकून माझी मुलगी शांत झाली होती. माझी प्रार्थना माझ्यापर्यंत परत आली नाही, ती पुढे गेली. हे मला दोन महिने ठाऊक नव्हतं. आपल्या हातून सुटलेलं माणूस कोणाच्या हातात पडतं हे आपल्याला दिसत नाही. समर्पण म्हणतात ते बहुतेक एवढंच असावं, आपल्याला दिसत नाही तिथेही कोणीतरी आहे असं मानून मूठ उघडणं. मला ते रोज नव्याने करावं लागतं, आणि काही दिवशी जमत नाही.

आमच्या रस्त्याने कधी कधी रुग्णवाहिका जाते. तिचा आवाज आला की पूर्वी मी कान झाकून घ्यायचे. आता हातातलं काम ठेवते, क्रुसाची खूण करते, आणि आत पडलेल्या माणसासाठी, वाटेत अडकलेल्या त्याच्या आईसाठी, आणि तिथे त्याचा हात धरणाऱ्या त्या अनोळखी मुलीसाठी देवाशी बोलते.